वर्गात आवाज कोणाचा?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल २०२५ रोजी, राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. त्यावर रान उठले. १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्याची पाळी सरकारवर आली. मराठीच्या बाजूने जे उभे राहिले त्यांचे आम्ही अभिनंदनच करतो. पण या सगळ्या गदारोळात एक साधा सवाल बाजूलाच पडला. पहिलीतल्या मुलाला तिसरी भाषा कोणती शिकवायची यावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांपैकी किती जणांनी तिसरीतल्या मुलाला पहिली भाषा तरी वाचता येते काय, हे तपासून पाहिले?

हे तपासण्याचे काम 'असर' नावाची पाहणी गेली अनेक वर्षे करीत आहे. पाहणी करणारा कार्यकर्ता खेड्यातल्या घरी जातो, मुलाजवळ बसतो आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगतो. आधी अक्षरे, मग शब्द, मग चार वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. २०२४ च्या पाहणीत, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुले ही गोष्ट वाचू शकली. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. म्हणजे पाच वर्षे शाळेत बसूनही निम्म्याहून अधिक मुले दुसरीच्या पुस्तकापाशीच अडकलेली आहेत. हे आकडे देशाचे आहेत, महाराष्ट्र पुढारलेला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावे, चौथीतल्या पाच मुलांना एकेक पान वाचायला लावावे आणि मग बोलावे.

सरकारी शाळेत आज उरले आहे कोण? ज्यांची ऐपत होती ते केव्हाच इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसून निघून गेले. मागे राहिली ती भूमिहीन शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, आदिवासींची, भटक्या-विमुक्तांची, बौद्ध आणि मातंग वस्तीतली मुले. तेव्हा हा वाचनाचा प्रश्न नुसता शिक्षणशास्त्राचा नाही, तो आमच्या घरचा प्रश्न आहे.

तो आजचाही नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारपुढे हाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, हे त्यांनी ठणकावून सांगितले. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, तर शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे, अशी त्यांची मांडणी होती. तेव्हा मूल शाळेतून गळत होते. आज ते शाळेतच असते. हजेरीपटावर त्याचे नाव असते, खिचडी त्याला मिळते, गणवेश मिळतो, परंतु वाचन मिळत नाही. गळती थांबलेली नाही, ती वर्गाच्या आत आली आहे.

वर्गात वाचन होते कसे, ते वाचकहो, आपण सर्वांनी अनुभवले आहे. भाषेच्या तासाला गुरुजी एका हुशार मुलाला उभे करतात. तो एक ओळ वाचतो आणि सारा वर्ग ती मागून म्हणतो. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे की शाळा छान वाचते आहे. प्रत्यक्षात वाचतो तो एकटाच, बाकीचे त्याचा नुसता आवाज उचलतात. त्यांची बोटे भलत्याच ओळीवर फिरत असतात. दुसरा प्रकार पाळीपाळीने वाचण्याचा. वर्गात ३० मुले आणि ३० मिनिटांचा तास धरला तर एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते. उरलेली २९ मिनिटे ते आपली पाळी कधी येईल या धास्तीत घालवते.

आणि पाळी आली की काय होते? मूल 'पाणी'चे 'पानी' वाचते. 'होतं'चे 'व्हतं' होते. विदर्भातले मूल 'मला' लिहिलेले असताना 'मले' म्हणून जाते. वर्गात खसखस पिकते. शिक्षक म्हणतात, "नीट वाच, शुद्ध बोल." आम्ही स्वतः या हशाचे धनी झालेलो आहोत. त्या दिवशी आमच्या छातीत जी धडधड झाली ती अजून आठवते. पुढचे कित्येक महिने आम्ही मागच्या रांगेत, उंच मुलाच्या आड बसत होतो. वास्तविक 'पाणी' या लिखित शब्दाला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने तो शब्द अचूक ओळखलेला असतो, त्याचा अर्थही त्याला कळलेला असतो. त्याने फक्त आपल्या आईच्या तोंडचा उच्चार केलेला असतो. वाचनात ते पास असते, आणि आम्ही त्याला जातीच्या आणि गावकुसाच्या परीक्षेत नापास करतो.

डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील भेदांवर संशोधन करून १९७३ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या फलटणलाच राहिल्या आणि शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या वंचित वस्तीतल्या मुलांना वाचते करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यातूनच १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. मुलाची घरची बोली हा अडथळा नसून वाचनाची पहिली पायरी आहे, हे अशा कामातून वारंवार सिद्ध झाले आहे. आमच्या शिक्षण खात्याला मात्र ते अजून पचनी पडलेले दिसत नाही.

मग उपाय काय? आम्ही येथे दोन पद्धतींचा आग्रह धरणार आहोत. दोन्हींना पैसा लागत नाही, डिजिटल फळा लागत नाही, कंत्राटदार तर मुळीच लागत नाही.

पहिली पद्धत वाचून दाखवण्याची. शिक्षकाने रोज दहा-पंधरा मिनिटे मुलांना एखादे चांगले पुस्तक, रस घेऊन, मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यावर परीक्षा नाही, प्रश्नोत्तरे लिहून घेणे नाही. मध्येच थांबायचे, "आता पुढे काय होईल?" असे विचारायचे, चित्र दाखवायचे आणि पुन्हा वाचायचे. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, रात्री आई गोष्ट वाचून दाखवते, त्या घरातले मूल शाळेत येण्यापूर्वीच पुस्तकी भाषा कानाने शिकलेले असते. ज्याची आई दिवसभर खुरपणी करून थकून येते आणि जिला स्वतःलाच शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्याच्या कानावर ही भाषा पडायची कोठे? ती शाळेतच पडली पाहिजे. घराघरांतली ही तफावत भरून काढण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

दुसरी पद्धत अभिवाचनाची. अमेरिकेतील शाळांत तिला 'रीडर्स थिएटर' म्हणतात. यात नाटक असते, पण रंगमंच नसतो, पडदा नसतो, पोशाख नसतो आणि पाठांतरही नसते. एखाद्या गोष्टीचे संवाद करायचे, मुलांना भूमिका वाटून द्यायच्या, एकाला निवेदक करायचे आणि प्रत्येकाने हातात कागद धरून आपापला भाग वाचायचा. जे काही दाखवायचे ते आवाजातून दाखवायचे. सोमवारी शिक्षकांनी सगळी गोष्ट वाचून दाखवावी. मंगळवारी मुलांनी जोडीजोडीने वाचावी. बुधवारी भूमिका बदलून पाहाव्यात. गुरुवारी तालीम आणि शुक्रवारी परिपाठाच्या वेळी दुसऱ्या वर्गासमोर किंवा पालकांसमोर सादरीकरण. आठवड्याभरात मुलाने तोच मजकूर आठ-दहा वेळा वाचलेला असतो आणि त्याला एकदाही कंटाळा आलेला नसतो.

यातली खरी गोम याच पुन्हा पुन्हा वाचण्यात आहे. नवशिक्या मुलाची सारी शक्ती जोडाक्षर फोडण्यात, रफार कोठे म्हणायचा आणि वेलांटी कोणती हे ठरवण्यात खर्च होते. ओळीच्या शेवटाला येईपर्यंत ओळीची सुरुवात ते विसरून गेलेले असते. मग अर्थ लागणार कसा? तोच मजकूर पुन्हा वाचला की शब्द आपोआप ओळखू येतात आणि मोकळी झालेली शक्ती अर्थाकडे वळते. एरवी "हा धडा पाच वेळा वाच" म्हटले की ती शिक्षा होते. पण "तू म्हातारी आहेस, तुला कोल्ह्यावर रागवायचे आहे, राग येतोय का बघ" म्हटले की तेच मूल दहा वेळा वाचते. आणि राग कोठे आणायचा हे ठरवायचे तर वाक्याचा अर्थ समजावाच लागतो.

हे केवळ आमचे मत नव्हे. वाचनावरील संशोधनाचा आढावा घेण्यासाठी अमेरिकेत नेमलेल्या राष्ट्रीय मंडळाने २००० साली अहवाल दिला. मार्गदर्शनाखाली पुन्हा पुन्हा केलेल्या प्रकट वाचनाने शब्द ओळखणे, वाचनाचा ओघ आणि आकलन ही तिन्ही सुधारतात, असा निष्कर्ष त्यात आहे. त्याच्या आधी, १९९८-९९ साली, दुसरीच्या वर्गांत दहा आठवडे रीडर्स थिएटर करून पाहिलेल्या एका अभ्यासातही मुलांच्या वाचनाची गती आणि वाचनातला भाव, दोन्ही वाढल्याचे दिसले होते.

आमच्याकडे लहान शाळांची ओरड नेहमी असते. दोन शिक्षक, चार वर्ग, कसे शिकवायचे? अभिवाचन तर अशाच शाळेला सोयीचे आहे. चौथीतली मुलगी निवेदन वाचेल, तिसरीतली मुले मोठे संवाद वाचतील, दुसरीतले मूल दोन ओळी वाचेल आणि पहिलीतली सगळी मिळून पुन्हा पुन्हा येणारी एकच ओळ म्हणतील. एकाच गोष्टीत चारही वर्गांना काम मिळते. संवाद असल्यामुळे बोलीलाही मानाची जागा मिळते. गोष्टीतली आजी वऱ्हाडी किंवा मालवणीत बोलली तर ती चूक ठरत नाही, उलट ती खरी वाटते. आज ज्या उच्चाराला वर्ग हसतो, त्याच उच्चाराला शुक्रवारी टाळी पडते. पुढे मुलांनी स्वतःचे संवाद लिहावेत. रेशन दुकानावरचे भांडण, आठवडी बाजारातली घासाघीस, ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा तळ. हे ज्याच्या अनुभवाचे आहे, ते मूल त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होते.

ही परदेशी कल्पना आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. नाव परदेशी आहे, रीत आपलीच आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले ते शिक्षणाच्याच प्रश्नावर. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शिकलेल्या मुलीने आवाज काढला म्हणजे काय होते, हे त्या निबंधाने महाराष्ट्राला दाखवले. सत्यशोधक जलसे आणि पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांपासून सुरू झालेले आंबेडकरी जलसे यांनी निरक्षर समाजाला कानांवाटे शिकवले. वस्तीतला एक जण वृत्तपत्र मोठ्याने वाचायचा आणि भोवती बसलेले पन्नास जण शहाणे व्हायचे. आजही वर्षावासात विहाराविहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एक वाचतो, सगळे ऐकतात, मध्येच कोणी शंका विचारतो. ज्या समाजाला अक्षर बघायचीही बंदी होती, त्याने वाचून दाखवण्याची परंपरा उभी केली. तीच आपल्या मुलांच्या वर्गात नाही, याला काय म्हणावे?

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बालपणीची आठवण सांगितली आहे. वडील सुभेदार रामजी त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला रामायण-महाभारतातील भाग मोठ्याने वाचायला लावत. ऐकायला घरातल्या बहिणी असत आणि शेजारपाजारची जमलेली माणसे असत. हे बरीच वर्षे चालले होते. शाळेत ज्या मुलाला वेगळे गोणपाट घेऊन बसावे लागत होते आणि शिपाई नसला तर पाण्यावाचून राहावे लागत होते, ते मूल घरी मात्र माणसांनी भरलेल्या खोलीत वाचक होते. आणि वाचता वाचताच त्याला प्रश्न पडला. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचे मोठेपण आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचायचे, असे त्याने वडिलांना विचारले. मोठ्याने वाचणारे मूल मजकुराशी भांडू लागते, हे याहून चांगले कोणी सांगू शकेल काय?

म्हणूनच आम्ही दोन इशारे देऊन ठेवतो. पहिला भूमिकांच्या वाटणीबद्दल. शाळेच्या नाटकात राजा कोण होतो आणि द्वारपाल कोण, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. निवेदकाचा मोठा भाग दर वेळी सरपंचाच्या मुलाला आणि "होय महाराज" एवढे दोन शब्द वस्तीतल्या मुलीला, असे होणार असेल तर अभिवाचन म्हणजे जुन्याच उतरंडीची नवी तालीम ठरेल. भूमिका आठवड्याला फिरल्या पाहिजेत आणि मागे पडलेल्या मुलाला सोपा पण महत्त्वाचा भाग मुद्दाम दिला पाहिजे. दुसरा इशारा मजकुराबद्दल. संस्काराच्या नावाखाली त्याच त्या पुराणकथा वाचून घेण्यासाठी ही पद्धत नाही. सावित्रीबाईंची शाळा, चवदार तळ्याचे पाणी, विहीर खोदणारे गाव, मुलीची सायकल, यांच्याही गोष्टी होऊ शकतात.

शासनाचे धोरण काय म्हणते? ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरवले. तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे माप दिले. उद्दिष्टाला आमचा विरोध नाही. पण खाते जेव्हा एखादे माप हाती घेते तेव्हा अर्थ मागे राहतो आणि घड्याळ पुढे येते, हा आमचा अनुभव आहे. मोबाइलवर वेळ लावून मुलाला धाडधाड वाचायला लावले आणि रकाने भरले की अभियान यशस्वी! गती हे ओघवत्या वाचनाचे फळ आहे. फळ झाडाला बाहेरून बांधून चालत नाही.

शिक्षकांवर सगळे खापर फोडण्याचाही आमचा विचार नाही. जनगणना, निवडणूक, मतदार याद्या, रोजच्या ऑनलाइन माहित्या, यातून ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही त्याला "रोज वाचून दाखव" सांगणे सोपे आहे. म्हणून शिक्षकाच्या वेळापत्रकात ही पंधरा मिनिटे अधिकृतपणे लिहिली गेली पाहिजेत आणि त्या वेळेत कोणतीही माहिती मागवली जाता कामा नये. इच्छा असेल तर मार्ग निघतो. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील क्वेस्ट संस्थेने 'गोष्टरंग' उपक्रमातून नाटक जाणणारे तरुण आदिवासी भागातील शाळांत नेले आणि मुलांपुढे बालसाहित्यातील गोष्टी उभ्या केल्या. एक संस्था हे करू शकते तर एवढे मोठे शिक्षण खाते का करू शकत नाही, हा आमचा सवाल आहे. दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करून, फोटो काढून, वरिष्ठांना पाठवून वाचन येत नसते.

शेवटी चार शब्द आपल्याच माणसांना. आरक्षणाच्या आधाराने साहेब झालेल्या आपल्या वर्गाने सरकारी शाळेकडे पाठ फिरवली आहे. जयंतीला लाखांचे डीजे लागतात, पण वस्तीतल्या मुलांसाठी शंभर गोष्टींची पुस्तके घ्यायची म्हटले की वर्गणी जमत नाही. हे कोठेतरी थांबले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकातील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते. म्हणजे कायद्याने आपल्या आया-बहिणींना त्या खुर्चीवर बसवले आहे. त्यांनी महिन्याच्या बैठकीत केवळ खिचडीच्या तांदळाबद्दल न विचारता हेही विचारावे: गुरुजी, या महिन्यात मुलांना कोणते पुस्तक वाचून दाखवले? शेवटच्या रांगेतल्या मुलाने या आठवड्यात किती वेळा तोंड उघडले? शुक्रवारी आम्ही ऐकायला येऊ काय?

आणि शाळेची वाट न पाहता, ज्या विहारात मोठ्यांसाठी ग्रंथवाचन होते, त्याच विहारात रविवारी तासभर मुलांसाठी सतरंजी टाकावी. पहिल्या रविवारी कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या ताईने गोष्ट वाचून दाखवावी. दुसऱ्या रविवारी मुलांनी ती भूमिका वाटून वाचावी. अडखळले तर अडखळू द्यावे, हसू कोणी नये. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या ८२ मुलांचा हिशेब सरकारकडे मागितला, त्यांची नातवंडे-पणतवंडे आज त्या सतरंजीवर बसणार आहेत. त्यांच्या हातात कागद द्या आणि त्यांना मोठ्याने वाचू द्या.